परदेशी नोकरी, एजंट आणि आपली पोरं: सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, हल्याळ, भालकी, औराद या पट्ट्यात कॉलेजं, आयटीआय, तालमी, गणेशोत्सव मंडळं आणि महिला बचत गटांपुढे बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. परदेशी जाऊ नका, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. आखातात राबून घर बांधलेली, बहिणींची लग्नं उरकलेली, शेतात बोअर मारलेली माणसं आपल्या गावोगावी आहेत. आमचा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे: पैसे आणि पासपोर्ट हातातून सुटण्याआधी कागद तपासा. तोवर सगळं तुमच्या हातात असतं, नंतर फार थोडं उरतं.

बेकायदा जाणं म्हणजे रात्री कुंपणावरून उड्या मारणं ना? आमची पोरं तर विमानानं जातात.

आपल्याकडून फसलेले बहुतेक जण विमानानंच जातात, गोव्याहून, मुंबईहून किंवा बेंगळूरहून. पासपोर्ट खरा असतो, तिकीट खरं असतं, व्हिसासुद्धा खरा असतो. पण तो फिरायला जाण्याचा असतो आणि पोरगा निघालेला असतो कामाला. ज्या दिवशी तो तिथे हातात थापी घेतो किंवा हॉटेलात भांडी घासायला उभा राहतो, त्या दिवशी तो त्या देशाच्या कायद्यानं गुन्हेगार ठरतो. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिला तरी तेच. खोट्या अनुभवाच्या दाखल्यावर गेला तरी तेच. म्हणून या गोष्टीची सुरुवात कुठल्या परक्या सीमेवर होत नाही. ती गावातल्या चहाच्या टपरीवर, एजंटच्या हातात पहिले दहा हजार ठेवताना होते.

एजंट म्हणतो, व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो. असं होतं की नाही?

कधी कधी होतं, आणि त्या एका उदाहरणावर एजंट पुढची पन्नास पोरं नेतो. व्हिजिट व्हिसावर काम करायला मनाई आहे. अमिरातीत ऑगस्ट २०२४ पासून परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. त्यामुळे चांगली कंपनी असा माणूस दारात उभा करत नाही. उरतो तो मालक, जो पगार बुडवला तरी हा कुठे तक्रार करणार, हे ओळखून असतो.

मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, महिन्याला १,५०० दिरहम. आपल्या पैशात साधारण पस्तीस हजार. हेल्परच्या पगारापेक्षा दंड मोठा. मग पोरगा लपून राहतो, आजारी पडला तरी दवाखान्यात जायला घाबरतो, आणि घरी आई गेली तरी त्याला येता येत नाही. अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी चार महिने माफी दिली होती. तशी माफी पुन्हा मिळेल, या भरवशावर कुणी जाऊ नये.

'आझाद व्हिसा' हा शब्दही ऐकला असेल. नावाला एक कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, दाखवायचा आणि बाहेर मिळेल ते काम करायचं. कफिलाचं बिनसलं की तो सौदीत तुमच्यावर 'हुरूब' लावतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद करतो. त्यानंतर इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि रस्त्यावर पोलिसांनी हटकलं की आधी कोठडी, मग परतीचं विमान.

लायसन्सवाला एजंट कसा ओळखायचा? ऑफिस तर सगळ्यांचंच चकचकीत असतं.

ऑफिस, कोट, दुबईतले फोटो, भिंतीवरची प्रमाणपत्रं यांकडे बघू नका. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. अशा सगळ्या एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर राज्यवार उघडी आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येते. नाव सापडलं म्हणजे झालं असंही नाही. नोंदणी चालू आहे की मुदत संपलीय, स्थगित केलीय, तेही तिथेच लिहिलेलं असतं. मग यादीतल्या फोनवर आपण स्वतः फोन करायचा आणि विचारायचं, अमुक माणूस तुमच्यासाठी आमच्या गावात पैसे घेतोय, तो तुमचा आहे का? एजंटनं दिलेल्या नंबरावर फोन करून उपयोग नाही.

फी कायद्यानं ठरलेली आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावती द्यावीच लागते. दीड लाख, दोन लाख रोख मागणारा आणि पावतीचं नाव काढलं की "विश्वास नाही का?" म्हणणारा माणूस तुम्हाला स्वतःच स्वतःची ओळख सांगतोय.

आपल्या भागात सहसा खरा एजंट दिसतच नाही. दिसतो तो सब-एजंट. कुणी ट्रॅव्हल्सवाला, कुणी सुट्टीवर आलेला मित्र, कुणी ऑनलाइन अर्ज भरून देणारा. कायद्यात बिननोंदणीच्या सब-एजंटाला जागा नाही. शिक्षा मात्र जेमतेम दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड, जो आमच्या मते आजच्या काळात कुणालाही धाक घालत नाही. पण फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१८, त्याच्या जोडीला लागतं आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पासपोर्टवर ईसीआर आलंय. याचा अर्थ काय?

ईसीआर म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', नोकरीसाठी देश सोडण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक. दहावी, म्हणजे आपली एसएसएलसी, पास नसेल तर साधारणपणे पासपोर्ट ईसीआर होतो. असा पासपोर्ट असलेल्याला आखाती देश, मलेशिया, थायलंड, इराक, जॉर्डन अशा १८ देशांत नोकरीसाठी जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यांची कार्यालयं बेंगळूर आणि मुंबई दोन्हीकडे आहेत. लोकांना ही कटकट वाटते. खरं तर यात मालक कोण, पगार किती, काम कोणतं हे तपासलं जातं, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. व्हिजिट व्हिसावर ही मंजुरी लागत नाही, म्हणूनच एजंटाला तो रस्ता आवडतो. मंजुरी नाही तर विमाही नाही. मचाणावरून पडलेल्या माणसाच्या घरच्यांना हा फरक कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मी बीसीए झालोय, इंग्रजी येतं, पासपोर्ट ईसीएनआर आहे. मला कोण फसवणार?

गेल्या काही वर्षांत सर्वांत वाईट फसले ते तुमच्यासारखेच. ईसीएनआर, म्हणजे तपासणीची गरज नसलेला पासपोर्ट असल्यामुळे मधली सरकारी तपासणी होत नाही, सगळी जबाबदारी तुमच्या एकट्यावर येते.

जाहिरात टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येते. 'डिजिटल सेल्स', 'डेटा एन्ट्री', 'कस्टमर सपोर्ट', ठिकाण बँकॉक. फोनवर मुलाखत, टायपिंगची सोपी चाचणी, तिकीट कंपनीचं. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिल्यानंतर जाणं आणखी सोपं झालं. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात न जाता तासन्‌तास पश्चिमेकडे धावते, माए सोत नावाच्या गावापर्यंत. तिथे मोएई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. आत उंच भिंती, हत्यारबंद पहारा, आणि काम म्हणजे खोट्या बाईच्या नावानं लोकांशी गोड बोलून त्यांचे पैसे लुबाडणं. टार्गेट झालं नाही तर मार आणि विजेचे झटके. सुटायचं असेल तर लाखोंची खंडणी. कंबोडिया आणि लाओसमध्येही असे अड्डे आहेत. भारत सरकार २०२२ पासून याबद्दल सावध करत आहे. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंड-म्यानमार सीमेवरून परत आणलं.

टायपिंगच्या कामाला थेट परदेशी कंपनी अनुभव नसलेल्या मुलाला तिकीट काढून का नेईल, हा एकच प्रश्न स्वतःला विचारा. कंपनीचं नाव त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेलनं कळवून चौकशी करता येते. पैसे पडत नाहीत.

भरतीत वय उलटलं. रशियात सिक्युरिटी गार्डचं काम आहे म्हणतात. जावं का?

हा प्रश्न आमच्या काळजाला लागतो. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं घर. पहाटे मैदानावर धावणारी, वर्षानुवर्षं अंग कमावणारी पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. अग्निवीरची वयोमर्यादा ओलांडली की त्यांना वर्दीच्या जवळचं काहीही आपलं वाटतं, आणि एजंट नेमकी तीच नस पकडतो.

आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातले तरुण असेच गेले होते. मदतनीस आणि सुरक्षारक्षकाचं काम सांगून त्यांना रशियन सैन्यात युक्रेनच्या युद्धावर धाडलं गेलं. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, त्यानंतर सप्टेंबरात ते सुटून घरी आले. सगळे आले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं, तेव्हा माहीत असलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ जण मेले होते आणि १६ जणांचा पत्ता नव्हता. करार रशियन भाषेत होता, न समजता सही केली, असं परत आलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं. आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. आधी भाषांतर मागा. मिळालं नाही, तर घरी या.

अमेरिकेला डंकीनं जाणारे गुजरात-पंजाबचे. आपला काय संबंध?

डंकी म्हणजे देशोदेशीच्या सीमा चोरून ओलांडत जाणं. आपल्याकडून कमी जातात, पण विकणारे इथवर पोचलेत. भाव चाळीस-पन्नास लाखांचे. मार्ग दक्षिण अमेरिकेतून वर, कोलंबिया आणि पनामामधल्या दारिएनच्या जंगलातून. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर बर्फात गोठून मेलं: आई, बाप आणि दोन लेकरं. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं, बहुतांश भारतीयांनी भरलेलं विमान फ्रान्समध्ये अडवलं गेलं आणि त्यातले २७६ प्रवासी मुंबईत परत आले. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ जणांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं. शेत विकून गेलेल्यांकडे परत आल्यावर शेतही नव्हतं.

कर्ज काढून पाठवलं तर दोन वर्षांत फिटतं म्हणतात.

वही-पेन घेऊन बसा. तीन लाख, शेकडा ३ रुपये दरानं. महिन्याचं नुसतं व्याज ९,०००. हेल्परचा पगार १,२०० दिरहम, म्हणजे २८,००० च्या आसपास. जेवण, मोबाइल, कधी खोलीचं भाडं वजा करून तो पंधरा हजार पाठवेल. त्यातले नऊ व्याजाला. उरलेल्या सहा हजारांत घर चालवायचं की मुद्दल फेडायची? आणि हे सगळं पहिल्या महिन्यापासून पगार वेळेवर मिळाला तर. नोंदणीकृत एजंटाची फी ३५,४०० असताना तीन लाख कशाला लागतात, हे आधी विचारा. आईचं सोनं पतसंस्थेत ठेवण्याआधी तर नक्कीच.

शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे. एजंट म्हणतो मी बसवून देतो.

सीमाभागात हे घरोघरी आहे. दाखला मराठी शाळेचा, आधार कन्नडमध्ये, इंग्रजी स्पेलिंग भरणाऱ्याच्या मनाला येईल तसं. एजंटला बसवू देऊ नका. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो तुमच्या नावावर लागतो, एजंटच्या नाही. आधी आधार आणि मार्क्स कार्ड रीतसर दुरुस्त करा, मग बेळगावच्या पोस्ट ऑफिसातल्या किंवा हुबळीच्या पासपोर्ट केंद्रात अर्ज करा. दोन-तीन महिने जातील. जाऊ द्या.

घरकामासाठी बायकांना ओमान, कुवेतला नेतात. ते बरोबर आहे का?

ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या बाईला त्या १८ देशांत नोकरीची मंजुरी मिळत नाही. त्यापुढच्या वयातही घरकामासाठी सरकारी संस्थांमार्फतच जाता येतं. त्यामुळे कुणी खासगी माणूस "मी नेतो, ब्युटी पार्लरचं काम आहे" म्हणत असेल, तर तिथेच थांबा. बंद घरात, फोन काढून घेतलेल्या बाईपर्यंत दूतावासालासुद्धा पोचणं अवघड जातं.

मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला तर?

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडवून ठेवण्याचा हक्क मालकाला नाही. दूतावासात जा. पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची प्रत जाण्याआधीच घरच्यांच्या मोबाइलवर ठेवलेली असेल, तर निम्मं काम सोपं होतं.

व्हिसा संपून वर्ष झालं. दूतावासात गेलो तर पकडून देतील ना?

नाही. तुम्ही कुठल्याही रस्त्यानं गेला असाल, तरी भारताचे नागरिक आहात. पासपोर्ट नसेल तर परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. अगदीच पैसे नसतील तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून तिकिटाची मदत होऊ शकते. तिथल्या सरकारचा दंड मात्र सुटेलच असं नाही. घरच्यांनी इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, किंवा प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर फोन करावा.

एजंट कोल्हापूरचा, पैसे गोव्यात दिले, आम्ही खानापूरचे. पोलीस म्हणतात आमच्या हद्दीत येत नाही.

सीमाभागात हे उत्तर फार ऐकू येतं आणि एजंटांना ते पक्कं ठाऊक आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नंतर ते कागद योग्य ठाण्याकडे पाठवतात. नकार मिळाला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा आणि जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) ठाण्यात जा. माणसाला जबरदस्तीनं किंवा फसवून राबायला नेलं असेल, तर ती मानवी तस्करी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १४३. फिर्यादीत हे शब्द यायला हवेत. अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागला तर जाणकाराकडून लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही करा.

एजंट आमच्याच भावकीतला आहे. त्याच्यावर फिर्याद कशी करणार?

पुष्कळ वेळा तोही पुढच्याकडून फसलेला असतो. त्याला बसवून विचारा, पैसे पुढे कुणाला दिले, कुठल्या खात्यात. तेवढं कळलं तरी तपासाला धागा मिळतो. पण नात्याखातर गप्प राहिलात तर पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गावातली चार पोरं पाठवेल. पंचांपुढे 'मिटवून' घेताना पैसे थोडे परत मिळतात आणि कागद फाडले जातात. कागद फाडू देऊ नका.

आमच्या मंडळाला याबद्दल कार्यक्रम घ्यायचाय. भाषण ठेवू का?

भाषण शेवटी ठेवा, नाहीतर ठेवूच नका. पोरांना आधीच सांगा, ज्यांना कुठली ऑफर आलीय त्यांनी मोबाइलवरचा मेसेज घेऊन या. प्रोजेक्टरवर ई-मायग्रेटची यादी उघडा आणि सगळ्यांदेखत एकेक नाव शोधा. यादीत नाव न सापडल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, ती तासभराच्या भाषणानं येत नाही. फक्त ऑफर आणणाऱ्याचं नाव पडद्यावर येऊ देऊ नका.

मराठीबरोबर कन्नड आणि उर्दूतही बोला. एजंट भाषा बघून पोरं निवडत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारीत, उद्यमबागेतल्या कारखान्यात, वडगावच्या मागावर काम करणाऱ्यांपर्यंत जायचं तर सुट्टीचा दिवस धरा. कॉलेजच्या मुलांइतकीच आयटीआयच्या वेल्डर, फिटरना गरज आहे, कारण मागणी त्यांनाच जास्त आहे. त्यांना नोंदणीकृत वाटही दाखवा: कर्नाटक सरकारच्या कौशल्य विकास महामंडळाचं आंतरराष्ट्रीय स्थलांतर केंद्र बेंगळूरमध्ये आहे. नुसतं घाबरवून सोडलेला मुलगा पुढच्या आठवड्यात गुपचूप जातो.

ज्या दोन जागा सगळे विसरतात, त्या सांगतो. एक म्हणजे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान. पासपोर्टचा अर्ज भरायला पोरगा पहिल्यांदा तिथेच येतो. दुकानदाराशी बोला, काउंटरवर एक कागद चिकटवा: नोंदणी बघितली का, फी किती, पावती आहे का, व्हिसा कामाचा का. दुसरी जागा महिला बचत गट. पैसा उभा होतो तो तिथून, बायकांच्या नावावरच्या कर्जातून. आईनं एजंटला समोरासमोर विचारलेला प्रश्न पोरगा टाळू शकतो, एजंट नाही टाळू शकत.

परत आलेला कुणी बोलायला तयार असेल तर फार मोलाचं. पण त्याला आग्रह करू नका आणि व्हिडिओ काढू देऊ नका.

फसून परत आलेला मुलगा घरातून बाहेर पडत नाही. काय करावं?

"एवढे पैसे बुडवून आलास" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये, पाहुण्यांनी तर नाहीच. म्यानमार किंवा युद्धातून आलेल्या मुलाला झोप लागत नाही, दचकून उठतो, त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे कन्नडमध्येही बोलता येतं. वसुलीवाले दारात बसत असतील, तर कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ पासून मायक्रोफायनान्सच्या जाचक वसुलीविरुद्ध कायदा आहे. धमकी, दाराला कुलूप, बायकांना शिवीगाळ यांची तक्रार पोलिसांत करता येते. आणि त्याच्याकडे उरलेले मेसेज, बँकेच्या नोंदी, तिकिटाचे तुकडे काहीही पुसू नका. फिर्याद आज करायची हिंमत नसेल, तर दोन महिन्यांनी करता येईल.